माहेरचं मत

२००५ साली मी जर्सी सिटीत नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसून होते. नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे शेजारणीची काळजी करायला भरपूर वेळ होता. शेजारीण लेबनॉनची, मुसलमान. तिचा नवराही तिथलाच, पण ख्रिश्चन. लग्न झालं आणि तिच्या वडिलांनी घरात तिचं नाव काढायलाही बंदी केली.

त्या मे महिन्यात अचानक तिच्या भावाचा फोन आला. तिकडे निवडणूक होती. संसदेच्या जागा धर्माधर्मांत वाटलेल्या, इतक्या ख्रिश्चनांच्या, इतक्या मुसलमानांच्या; मत मात्र मतदारसंघातल्या सगळ्यांनी सगळ्या जागांसाठी द्यायचं. भाऊ एका उमेदवाराच्या प्रचारात होता. "एकेक मत हवंय, ये," म्हणाला. तिने लगेच तिकीट काढलं.

बॅग भरता भरता तिला आठवलं. लग्नानंतर तिथे बाईचं नाव नवऱ्याच्या गावच्या मतदारयादीत जातं. भावाच्या मतदारसंघात तिचं मतच नव्हतं.

"सांगितलं तर येऊ नको म्हणेल," ती म्हणाली. "मला आईला भेटायचंय."

"मग सांगूच नकोस." उंटावरून शेळ्या हाकायला माझं काय जात होतं! पण ती गेली आणि माझाच जीव टांगणीला लागला. भावाला कळलं आणि त्याने विमानतळावरूनच परत धाडलं तर? भाजी करपायची, मी खिडकीशी उभी.

"तू कशाला टेन्शन घेतेस यार? तुझं इलेक्शन आहे का?" नवरा म्हणाला. त्या दिवशी मी त्याच्याशी बोललेच नाही.

ती परतली तेव्हा मी तिला लिफ्टपाशीच गाठलं. हातात आईने दिलेली ऑलिव्हची बरणी होती. मला एकदम हायसं वाटलं.

"त्याला कळलं नाही ना?"

"मीच सांगितलं. विमानतळावरून जाताना, गाडीत. राहवेना." भावाने गाडी थांबवली नव्हती. तो म्हणाला होता, "ठाऊक आहे मला. कुणाचं मत कुठे, हेच तर माझं काम."

"मग बोलावलंस कशाला?" तिने विचारलं होतं.

"एरवी तुला फोन केला असता तर घरात भांडण झालं असतं. मत मागायला कुणालाही फोन केला, तरी अब्बा काही म्हणत नाहीत."