नाव घेणारी बाई

नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी ठरलं: दिवसाचे चारशे रुपये, नऊ ते पाच, दुपारचं जेवण आमच्याकडे, हिशोब दर शनिवारी. हजर चौघं. मी, हे, आर्णीला दिलेली आमची मुलगी आणि ती बाई.

हे म्हणजे माझे पती. पोटाचा कॅन्सर होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलं, आणि शेवटच्या दिवसांत माणसाजवळ बसायचं शिकलेली एक बाई आमच्या दिग्रसमध्येच आहे, हेही त्यांनीच सांगितलं. पुण्याची भाची फोनवर म्हणाली, याला डूला म्हणतात. आमच्या गल्लीत तिला बसणारी बाई म्हणत. सुया, सलाईन हे तिचं काम नव्हतं. जवळ बसायचं, ऐकून घ्यायचं, पुढे काय होईल ते घरच्यांना सांगायचं. मी बाजारात पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची बचत, गोळा करते, दुकानदारांकडे खाडा चालत नाही, म्हणून तिला ठेवलं. नुसतं ऐकण्याचे चारशे मला तेव्हाही जास्तच वाटले होते.

पहिल्याच दिवशी तिनं यांना नावानं हाक मारली. पुढे भाऊ लावलं, पण नाव घेतलंच. मी स्वयंपाकघरात होते. वरणातली पळी तशीच राहिली.

लग्नात उखाण्यात घेतलं ते सोडलं, तर यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नव्हतं. कोणी बंदी केली नव्हती. सुरुवातीला लाज होती, मग सवय झाली. फॉर्मवर मी लिहून देई, कोणी विचारलं तर मुलगी सांगे. घरात "अवो" म्हटलं की भागायचं. आणि ही बाई तेच नाव दिवसभर वापरत होती, पाणी देताना, उशी सरकवताना, जसं काही ते तिच्या माहेरचं होतं.

पिग्मीचं मशीन खांद्याला लावून मी परत यायची, तर आतून हसू ऐकू यायचं. हे बाजार समितीत मापारी होते. काट्याजवळ उभं राहून कापसाची वजनं ओरडून सांगण्यात उमर गेली. घरी यायचे ते आवाज बसवून, जेवायचे आणि झोपायचे. माझ्या वाट्याला उरलेला आवाज आला. तिच्यासाठी मात्र यांना रोज नवी गोष्ट सुचत होती. मी दारात दिसले की दोघं गप्प.

"काय चाललं?"

"काही नाही वं. कापसाचं."

माझ्या हातून यांना दोन घोट ताक जात नसे. तिच्या हातून वाटी संपायची, आणि ती रिकामी वाटी मला मुद्दाम दाखवते असं मला वाटायचं. मी रोज म्हणायची, तुम्ही बरे व्हाल. ती एकदाही म्हणाली नाही. तरी हे तोंड वळवायचे ते माझं ऐकून.

दुसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "ताई, तो पांढरा सदरा इस्त्री करून वरच ठेवा. भाऊले तोच घालाचा हाये."

"कधी?"

तिनं खाटेकडे पाहिलं. मग मला कळलं. बत्तीस वर्षं यांचे सदरे मी धुतले, आणि शेवटचा कोणता ते तिला आधी समजलं. मी सदरा इस्त्री केला. निळा केला.

तिसऱ्या शनिवारी मी पिग्मीला गेले नाही. सकाळपासून यांचा श्वास अडखळत होता. बाईनं मला बाजूला घेतलं. "पोरीले बोलवा. अन् आता नावानं हाक मारत राहा. शेवटपर्यंत ऐकू येते मानसाले."

"तुमी मारून राह्यल्या नं. पुरे हाये तेवढी."

"माह्यी हाक वेगळी, ताई."

"काहून? इतके दिवस तर तुमचीच गोड लागून राह्यली होती."

ती चिडली नाही. मला तेही आवडलं नाही. "भाऊनं सांगू नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "पन आता सांगते. किती बी गोष्टी सांगितल्या तरी रोज शेवटी एकच काढत. अख्खा बाजार माह्यं नाव घेते, पन घरच्या तोंडून एकच डाव ऐकलं, उखान्यात. त्यातबी तिचं ध्यान उखाना चुकू नये याच्यातच होतं म्हने."

मला रडू यायला पाहिजे होतं. आला तो राग. ही गोष्ट माझी होती, आणि ती आधी तिच्याकडे गेली.

"तुमी बाहेर ओट्यावर बसा," मी म्हटलं. "दार लोटून घ्या."

"ताई, मी कोपऱ्यात..."

"ओट्यावर."

ती गेली. मी खाटेच्या काठावर बसले. तोंड उघडलं आणि "अवो" निघालं. मग नाव घेतलं. पुढे भाऊ नाही, काही नाही. आवाज मलाच परका वाटला.

यांचे डोळे मिटलेलेच राहिले. बऱ्याच वेळानं ओठ हलले. "हे कोन नवी बाई आली वं? हिलेबी चारशे द्या लागते काय?"

"फुकट हाये," मी म्हटलं.

"मंग घे अजून एकडाव."

मी घेतलं. किती वेळा घेतलं ते मोजलं नाही. त्यानंतर हे बोलले नाहीत. चारच्या सुमारास मुलगी आर्णीच्या बसनं पोचली. तिचा हात यांच्या हातात होता तेव्हा श्वास थांबला.

बाई अजून ओट्यावरच होती. मी आत बोलावलं. तिनं हळूच विचारलं, "घेतलं?" मी सांगितलं नाही. तिला यांचं खूप काही ठाऊक होतं, एवढं तरी ठाऊक नसलेलं बरं. कपाटातून निळा सदरा काढला, परत ठेवला, आणि पांढरा काढला. तिनं यांना टेकू देऊन उचलून धरलं. बटणं मी लावली.

तेरवी झाल्यावर हिशोब केला. आधीचे दोन शनिवार चुकते होते, शेवटचे सहा दिवस राहिले होते. मुलगी म्हणाली, "आई, शनिवारी तर तिनं अर्धा दिवस नुसता ओट्यावर काढला."

मी म्हटलं, "त्याचेच तर द्याचे हायेत."

चोवीसशे रुपये, बसणाऱ्या बाईच्या हातात.