तपासणीच्या दिवशी भरलेल्या खाटा

काजलने परिचर्येचे शिक्षण घ्यावे हा निर्णय नेमका कोणी घेतला, हे सांगणे कठीण आहे. आईच्या तेराव्याला जमलेल्या माणसांनी तो घेतला, असे म्हणणे सत्याच्या सर्वांत जवळ जाते. आईला, म्हणजे प्रेमिलाबाईंना, लकवा झाला तेव्हा काजल बारावीत होती. त्यानंतर आईची कूस बदलणे, तिला भरवणे, पुसून घेणे, लघवीची नळी सांभाळणे हे सारे तिने केले. वडील रुपराव खापरखेड्याच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर सफाईला जात, आणि घरात दुसरे कोणी नव्हते. तेराव्याची पंगत उठल्यावर कोणीतरी म्हणाले, "इतकी सेवा केली पोरीनं, आता नर्सच बनवा तिले." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि विषय संपला.

मुलीने नाइलाजाने केलेल्या कामालाच तिचा कल मानण्याची आपल्याकडे सवय आहे. हेच काम मुलाने केले असते, तर त्याचे कौतुक झाले असते. व्यवसाय सुचवला गेला नसता.

काजलने होकार दिला नाही, नकारही दिला नाही. आई गेल्यापासून तिला काही वाटेनासे झाले होते. ती उठे, पाणी भरे, कोणी हाक मारली की ओ देई. प्रवेशपरीक्षेचे पुस्तक कोणीतरी आणून दिले म्हणून ते वाचले, परीक्षेला बसली. गुण मध्यम आले. शासकीय संस्थेत जागा मिळाली तर शेवटच्या फेरीत, आणि तीही नशिबाने, अशी स्थिती होती.

जागा मिळाली नाही तर काय होणार, हे घरात सर्वांना ठाऊक होते. रुपरावांची थोरली बहीण प्रयागबाई प्रेमिलाबाईंच्या आजारपणाच्या अखेरीस कुहीकडच्या आपल्या गावाहून येऊन राहिली होती. तिचे तिकडे धानाचे शेत होते.

"मी काय जलमभर तुमच्या चुलीपाशी बसू?" ती भाजी चिरता चिरता म्हणे. "धान कापणीले आलं का चालली मी. सीट लागली त पोरगी होस्टेलात जाईन. नाही लागली त आमच्याकडं एक पोरगा हाय. सोताची पोल्ट्री हाय त्याची."

"पोरगी पोराले द्याची हाय का कोंबड्यायले?" रुपराव विचारत.

"तू गप बस गा. तुले काय समजते."

काजल हे ऐके. हे दुसऱ्याच कोणाविषयी चालले आहे, अशा चेहऱ्याने ती ताटे मांडी.

तेव्हा शहराबाहेरच्या वळणरस्त्यावरील एका खासगी नर्सिंग महाविद्यालयाचे नाव पुढे आले. तिथे संस्थेच्या अखत्यारीतली जागा शिल्लक होती, आणि मूळ प्रमाणपत्रे जमा केली की ती पक्की होणार होती. वसाहतीतल्या माणसांनी आपापल्या परीने चौकशी केली. वसतिगृहाचे फाटक किती वाजता बंद होते, मेसमध्ये सणासुदीला काय असते, नोकरीची हमी आहे का, गणवेश पांढरा की आकाशी. मुलीला कोणत्या वॉर्डात, कोणत्या रुग्णांजवळ उभे करून शिकवणार, हे कोणी विचारले नाही. काजलनेही विचारले नाही. शिक्षणसंस्था निवडताना तिच्या भिंतींची चौकशी करायची आणि तिच्या कामाची करायची नाही, ही चूक अडाण्यांची नाही. शिकलेल्यांनीच तिचा पायंडा पाडला आहे.

बापलेक ठरल्या दिवशी गेले. कार्यालयात प्रमाणपत्रे घेतली गेली. एक कारकून बाई काजलला वसतिगृह दाखवायला घेऊन गेली आणि रुपराव महाविद्यालयाच्याच रुग्णालयाच्या दारातल्या बाकावर बसून राहिले. इमारतीत धावपळ होती. कुंड्या सरकवल्या जात होत्या, नव्या चादरींचे गठ्ठे वर जात होते. थोड्या वेळाने एक पर्यवेक्षक जिना उतरून आला. त्याने बाकावरच्या माणसांकडे पाहिले आणि म्हणाला, "चला काका, वर चला लवकर. तपासणीची टीम आली आहे."

इथे रुपरावांनी जे केले ते समजून घ्यायचे, तर त्यांच्या कामाची रीत माहीत हवी. ठेकेदाराच्या कामगाराला दर वर्षी गेटपास नवा करून घ्यावा लागतो, आणि त्याआधी वैद्यकीय तपासणी असते. बोलावले की जायचे, झोप म्हटले की झोपायचे, विचारले तर तब्येत चांगली आहे असे सांगायचे. अनफिट ठरलेला माणूस फाटकाबाहेर राहतो. मुलीच्या प्रवेशासाठी बापाचीही तशीच तपासणी असणार, असे रुपरावांनी गृहीत धरले. त्यांनी चपला काढून खाटेखाली जोडीने ठेवल्या आणि ते सरळ झोपले.

काजल परतली तेव्हा बाकावर वडील नव्हते. शोधत ती वरच्या मजल्यावर गेली. वॉर्डातल्या सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. पण तिथे वास नव्हता. आजारी माणसाच्या अंगाचा, औषधाचा, नीट न वाळलेल्या कपड्यांचा जो वास तिच्या स्वतःच्या हातांना दीर्घकाळ होता, त्यातला काहीच नव्हता. खाटांवरची माणसे धडधाकट होती. एक बाई चादरीखाली पाय हलवत शेजारणीला विचारत होती, "चाय देतीन का वं हे, का नुसतंच झोपवतीन?"

पलीकडच्या खाटेवर रुपराव होते. गणवेशातली एक विद्यार्थिनी त्यांचे मनगट धरून उभी होती. तेवढ्यात महाविद्यालयाची मान्यता तपासणारी समिती आत आली, सोबत प्राचार्या अरुंधती मॅडम. समितीतले एक गृहस्थ रुपरावांजवळ थांबले.

"काय त्रास होतो?"

"काहीच नाही साहेब," रुपराव छाती काढून म्हणाले. "एकदम फिट. बिडी नाही, दारू नाही. तुमी कुठंबी दाबून पाहा."

मग मॅडम म्हणाल्या, "बरे झालेत सर. उद्या सुट्टी आहे त्यांना." गृहस्थांनी किंचित हसून पुढे पाऊल टाकले. त्या हसण्यात आश्चर्य नव्हते.

समिती गेल्यावर काजल खाटेजवळ आली. विद्यार्थिनीने मनगट सोडले. तिचे नाव अश्लेषा, दुसऱ्या वर्षाला होती, काटोलकडची.

"हे तुमचे बाबा हायेत का?" ती हसू दाबत म्हणाली. "मले वाटलं भाड्याचे. म्हणलं, याले कोणी शिकवलं नाही का काय सांगाचं ते."

"बाकीचे सगळे भाड्याचे?"

"मंग? खरा पेशंट इतका चूपचाप झोपते का?"

"मंग तुमी शिकता कोणावर?"

"पुतळ्यावर. पुतळ्याले कितीबी टोचा, बोंबलत नाही." अश्लेषा हसली, मग तिने दाराकडे पाहून आवाज हळू केला. "दुसऱ्या दवाखान्यात ड्यूटी केली म्हणून खोट्या सह्या असतेत. डिग्री पक्की भेटते, त्याची फिकर नको करू. खरं काम नोकरी लागल्यावर शिकतेतच ना सगळ्या."

काजल तशीच उभी राहिली. तिला आठवली ती आईच्या पहिल्या दवाखान्यातली एक तरुण परिचारिका. ती आईच्या हातात शीर शोधत होती. सुई आत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. हात काळानिळा पडला. आईला बोलता येत नव्हते. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत होते आणि काजल ते पुसत होती. ती मुलगी कोणाकडे न पाहता पुन्हा पुन्हा टोचत होती, आणि काजलने त्याचा अर्थ बेफिकिरी असा लावला होता. ती मुलगी कुठून शिकून आली असेल, हे तिला आता कळले. राग आला नाही. दयाही आली नाही. एखादा हिशोब जुळावा तसे ते नुसते जुळले, आणि त्या मुलीच्या जागी ती स्वतः उभी दिसली.

ती खाली कार्यालयात गेली आणि तिने प्रमाणपत्रे परत मागितली. कारकून बाईने मॅडमना बोलावले.

"कारण काय?" मॅडमनी विचारले. "दुसरीकडे जागा मिळाली?"

"नाही."

"मग? अगं, अशी पक्की जागा सोडून कोणी जातं का? नवीन दवाखाना आहे. रुग्ण हळूहळू येतात."

"जवा येतीन," काजल म्हणाली, "तवा त्यायलेच टोचून टोचून शिकणार ना मी?"

मॅडमनी दाराकडे पाहिले. समिती अजून इमारतीतच होती. प्रमाणपत्रे परत मिळाली.

बसमध्ये रुपराव खिडकीशी बसले. कोराडी मागे गेल्यावर त्यांनी विचारले, "काहून देल्ले त्यायनं कागद वापस?"

"मीच मागतले बाबा."

"खोटं नको सांगू. मी काही चुकीचं बोललो का त्या साहेबापाशी? बीपी वाढलं असन माह्यं. जिना चढून गेलो होतो ना."

"तुमचा काही संबंध नाही बाबा. ते पेशंट खोटे होते. तुमालेबी त्यायनं खोटा पेशंट समजून झोपवलं."

रुपरावांनी मान हलवली. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढ्या साहेबांसमोर माणसे खोटी झोपली असतील, हे त्यांच्या बुद्धीत शिरेना. आपण अनफिट ठरलो, हे मात्र सहज शिरत होते. ज्या माणसाला आयुष्यभर फाटकावर तपासले गेले, तो फाटकाची तपासणी करू शकतो ही कल्पनाच त्याच्याजवळ नसते.

शासकीय यादीत काजलचे नाव आले नाही. धान कापणीला आले. प्रयागबाईने पिशवी भरली आणि जाण्याच्या दिवशी सकाळी विषय काढला.

"पोल्ट्रीवाल्यायले काय सांगू? ते थांबणार नाहीत बाप्पा. यंदा सीट त गेली पोरीची."

काजल परातीत तांदूळ निवडत होती. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसायचे, हे तिने मनाशी ठरवले होते. पण कोणाला सांगितले नव्हते, आणि सांगण्याइतका जोर तिच्यात नव्हता.

"नाही म्हणून सांग त्यायले," रुपराव म्हणाले.

"काहून गा? आता काय अडलं?"

"तिची सीट माह्यानं गेली. मेडिकलमधी मी नापास झालो. पोरीचं एक साल माह्याकडं लागते, ते मले वापस करा लागते. बसू दे तिले अजून एकखेप परीक्षेले. सैपाक मी पाहून घेईन सकाळचा."

"तू करशीन सैपाक!" प्रयागबाई म्हणाली. मग तिने काजलकडे पाहिले. "हा काय बोलून राहिला वं? खरं हाय का हे?"

खरे काय ते काजलने बसमध्ये एकदा सांगितले होते. आता पुन्हा सांगितले असते, आणि आत्याच्या तोंडून ते वडिलांना पटले असते, तर त्यांच्यावरचा बोजा उतरला असता. त्याबरोबर हे वर्षही गेले असते. खोट्या खाटांवर शिकायला जिने नकार दिला, तिला आता एका चुकीच्या समजुतीवर आपले शिक्षण उभे करायचे होते, आणि हे तिला स्वच्छ दिसत होते.

"हो आत्या," ती म्हणाली. तिने परातीतला एक खडा उचलून बाजूला टाकला.

प्रयागबाई दुपारच्या बसने गेली. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी रुपरावांनी चुलीवर डाळ चढवली. ती करपली. दोघांनी ती खाल्ली.