देठं विहिरीकडे

कुणी भुताखेतांचं सांगायला लागलं, की मी चहा टाकायला उठतो. असल्या गोष्टींवर आजवर काडीचा विश्वास ठेवला नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय...

मी मूळचा वसईतल्या गिरीजचा. सध्या सेशेल्समध्ये हॉटेलांचे एसी सांभाळतो. माहे बेटावरून प्रास्लिन बेटावर सारखं जावं लागतं. अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर — आपलं विरार ते वांद्रे समजा. छोटं विमान पंधरा मिनिटांत पोचवतं. सीटबेल्ट लावून घाम पुसेपर्यंत उतरायची वेळ!

आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "एवढ्यात तर सुकेळ्यांचा एक मांडवपण उलटून होत नाही."

आमच्याकडे वेळ असाच मोजायचे. सुकेळी करायची म्हणजे राजेळी केळी सोलून बांबूच्या मांडवावर उन्हात वाळवायची, दुपारी उलटायची. लहानपणी ते काम माझं. घरची रीत अशी, की देठाकडची टोकं समुद्राकडे हवीत. मी डावखुरा... माझी हमखास विहिरीकडे व्हायची. बाबा ओरडायचे, "गाढवा, समुद्र हललाय काय?" तो ओरडा ऐकायला आता जीव तरसतो.

बाबा गेले आणि आईला विसरायला होऊ लागलं. फोनवर मला विचारायची, "कोण आपण?" आईनं आपल्याला अहो-जाहो करायचं! एकदा तरी तिनं मला नावानं हाक मारावी, एवढंच डोक्यात असायचं.

गेल्या थंडीतली गोष्ट. भर दुपारी विमानात बसलो. खाली निळं पाणी — आणि एकदम सुकेळ्यांचा वास. पुढच्या क्षणी मी वाडीत. स्वप्न म्हणाल तर म्हणा. पण मानेवर ऊन होतं, तळवे चिकट झाले होते. बाबा विहिरीच्या काठावर बसून बघत होते. मी अख्खा मांडव निवांत उलटला, दुपार कलली... आणि चाकं टेकली. घड्याळात पंधरा मिनिटंच झालेली.

उतरल्या उतरल्या घरी फोन लावला. आईला सांभाळणाऱ्या शेजारच्या नलूकाकीनं उचलला. थोडी सुकेळी तीच अजून घालते.

"अरे, मी जेवायला घरी गेलेले. येऊन बघते तर मांडव उलटलेला! तुझ्या आईला खुर्चीतून उठवत नाही. कोण येऊन गेलं रे?"

मागून आईचा आवाज आला, अगदी खणखणीत. "कोण काय? आपला विलास आलेला. देठं परत विहिरीकडे करून गेलाय मेला!"

मी एअरपोर्टच्या दारात उभा राहून रडलो. काकीनं फोटो पाठवला. सगळी देठं विहिरीकडे.

दुसऱ्या दिवशी आई पुन्हा अहो-जाहोवर आली. मी अजून त्याच विमानानं जातो, खिडकीची जागा मागून घेतो. काही होत नाही. हे कसं घडलं, मला आजही सांगता येत नाही. आणि बाबा समोर बसून बघत असताना या वेळी ओरडले का नाहीत, तेही.