रिकाम्या घराला सलाम

जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये आमचं आणि शेजारच्यांचं स्वयंपाकघर एकाच भिंतीचं होतं. तिकडचं भांडं पडलं की इकडे मला कळे. मला सगळंच कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

शेजारीण मुसलमान, पवनीकडची, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. मला ताई म्हणायची. ऐंशी सालच्या आसपास, लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी तिला दिवस गेले. पायांवर सूज आली, डॉक्टरीणबाईंनी पडून राहायला सांगितलं, म्हणून ती माहेरी निघाली. जाताना मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे दिली.

"कोंबड्यायले दाणे टाकजा ताई. अन् यायच्याकडं पाहजा जरासं," असं म्हणाली. नवऱ्याच्या खाण्यापिण्याकडे बघा, एवढंच तिचं सांगणं होतं. मी ते माझ्या सोयीनं घेतलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फॅक्टरीचा भोंगा झाला, बस आली, शेजारचं कुलूप निघालं. आत पाऊल टाकता टाकता त्यानं सलाम केला. मोठ्यानं, नीट. बायको असताना तो रोजच करी. पण आता घरात कोण होतं?

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मी तव्यावरची पोळी करपू दिली आणि भिंतीला कान लावला. उत्तर आलं नाही. म्हणजे ती जी कोण होती, ती भलतीच सावध होती!

मग दाणे टाकायला गेले तेव्हा ओट्यावर दोन कप दिसले. सकाळचा कप तसाच ठेवून तो संध्याकाळी दुसरा घेत असेल, हे मला सुचलंच नाही. मुद्दाम तो यायच्या वेळी वाटीभर कढी घेऊन गेले, तर उंबऱ्यातच खाली बघत वाटी घेतली, 'आत या' म्हणाला नाही. बायको घरी नसताना परक्या बाईला आत बोलावू नये, ही त्याची रीत. मला त्यात लपवाछपवी दिसली.

घरी सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तुले काय करा लागते?"

मला करायचं होतं. त्या भोळ्या पोरीचा संसार मीच वाचवणार होते. आंतर्देशीय पत्र आणलं आणि लिहिलं, 'तुझ्या घरात कोणीतरी आहे. जास्त लिहिता येत नाही. स्वतः येऊन बघ.'

पत्र टाकल्याच्या पाचव्या दिवशी दुपारी ती आली. एकटी, दोन एसट्या बदलून. पाय चपलांत मावत नव्हते, म्हणून चपला हातात. आपल्या घरी न जाता माझ्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. पाणीसुद्धा प्यायली नाही. "कोण आहे ताई?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. मी म्हटलं, थांब, तूच ऐक.

भोंगा झाला. कुलूप निघालं. सलाम झाला.

"ऐकलं? आता सांग, कोणाले?"

भिंतीची टेक सोडून ती माझ्याकडे वळली.

"कोणालेच नाही वो. घरात कोणी नसलं तरी आमच्यात सलाम करूनच आत जातेत. आपल्या सोताले, अन् अल्लाच्या नेक बंद्यायले." मग पोटावर हात ठेवून रडायला लागली. "एवढ्यासाठी तुमी मले बोलावलं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

महिन्याभरानं माहेरीच तिला मुलगी झाली, दोघी सुखरूप. तसं झालं नसतं तर, याच्या पुढचं मी आजही मनात पुरं होऊ देत नाही. ती परत आली, बोलायला लागली, ईदला शीरखुर्मा पाठवत राहिली. किल्ली मात्र पुन्हा माझ्याकडे आली नाही.

आणि तो सलाम. तो करीतच असणार. पण त्यानंतरची कितीतरी वर्षं भोंगा व्हायचा, शेजारचं दार उघडायचं, लागायचं, आणि मी तव्याजवळ हात थांबवून उभी राहायची. भिंतीतून काहीच ऐकू येत नसे. आपल्याच घरात शिरताना तो माणूस हळू बोलायला लागला होता.