माय ग्रंथाला बसली तो वर्षावास

पांढऱ्या लुगड्याला नीळ जरा जास्तच झालेली, नुकत्याच धुतलेल्या केसांना शिकेकाईचा वास, आणि विहाराच्या गार फरशीवर मांडी घालून बसलेली माझी माय चौरंगावरच्या ग्रंथावर तळहात फिरवतेय... निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. डोळे टपोरे, सताड उघडे, आणि त्यांना दिसत मात्र काही नाही.

मारेगावच्या अलीकडं आमचं गाव. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की अश्विन पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी विहारात बुद्धाच्या धम्माचा ग्रंथ वाचायचा, ही आमच्या वस्तीची रीत. आणि माय सून होऊन आली त्या वर्षापासून वाचणारी तीच. शाळा शिकलेली एकटी सून ना! निंदणाहून येऊन, पायांचा काळा चिखल खरवडून, पांढरं नेसून ती निघाली की तिची चालच बदलायची. बाबा ओट्यावरून हसत म्हणायचे, "चालल्या वकीलबाई!"

मग एका उन्हाळ्यात काचबिंदूनं तिची नजर नेली. आधी कडेकडेनं अंधार, मग मधोमध. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही. माय काही दिवस भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. जेवेना, बोलेना, आम्ही भावंडं घरात चोरासारखी वावरायचो. आणि एका सकाळी उठली ती थेट चुलीपाशी बसली, बोटांना चटके खात भाकरी थापली, आणि करपलेली भाकरी माझ्या ताटात टाकून म्हणाली, "खाय गुमान. उद्याची भाकर बरी होईन."

ती वर्षं कापसाची फार वाईट वर्षं होती. भाव पडलेले, बोंडं अळीनं पोखरलेली. घराघरांतून फवारणीच्या औषधाचा उग्र वास, आणि पारावर बसलेली माणसं एकमेकांशीसुद्धा बोलेनाशी झालेली. त्या आषाढात मोठेबाबा आमच्या ओट्यावर येऊन टेकले. ते बाबांचे थोरले चुलतभाऊ. विहाराचं सारं तेच पाहायचे.

"छबूची माय, औंदा तू आईकाले बस," ते म्हणाले. छबू म्हणजे मी. "वाचाले कोणी भेटलं तं पाहू, नाई तं राहू देऊ. लोकायचं मन तरी कुठं थाऱ्यावर हाये?"

जेठापुढं कधी मान वर न करणारी माझी माय! पदर डोक्यावर ओढला आणि म्हणाली, "भाऊजी, डोये गेले, तोंड नाई गेलं माह्यं. मन थाऱ्यावर नाई म्हणूनच तं ग्रंथ पायजे. मी अटकलो, तं मीच उठून जाईन. मंग कोणालेबी बसवा."

मोठेबाबांनी हो म्हटलं, पण अट घातली – वाचन म्हणजे वाचन, ग्रंथ समोर उघडा पाहिजे. रीत मोडायची नाही. आंधळ्या बाईपुढं उघडा ग्रंथ! मला असा संताप आला म्हणता... माय मात्र खुशाल "बरं" म्हणाली.

तेव्हापासून आमच्या सकाळी ज्वारीच्या पिठाच्या आणि ओल्या सरपणाच्या धुराच्या झाल्या. ती भाकरी थापायची, मी चुलीपुढं बसून त्या दिवसाचा भाग वाचायची. वर्षानुवर्षं वाचून निम्मा ग्रंथ तिच्या ओठांवर होताच; उरलेला ती पिठासारखा मळून घेई. "थांब, मांगून वाच. घाई कायची हाये तुले?" दुपारी डवरलेल्या शेतात गवत उपटता उपटता तिचे ओठ हलत असायचे, आणि संध्याकाळी विहारात मेणबत्तीच्या वासात तेच शब्द असे घरंगळत यायचे, की मीच सकाळी वाचले होते हे मला खरं वाटू नये. अंदाजानं ती पानंही उलटायची. एकदा ग्रंथ उलटा ठेवला गेला आणि पोरं फिसफिस हसली. माय थांबली, तिनं हातानं चाचपलं. "ग्रंथ उलटा असन, मी तं सुलटी हाव ना?" तेव्हा मोठी माणसंही हसली. किती दिवसांनी हसली होती ती!

भादव्यात मात्र घात झाला. कापसाच्या पऱ्हाटीला पिवळी फुलं आली होती, विहारात गर्दीही वाढली होती, आणि ऐन रंगात आलेल्या प्रसंगात माय अडकली. एक शब्द... मग काहीच नाही. तिचे ओठ नुसते हलत राहिले. मला पुढचं वाक्य येत होतं, पण माझी जीभच उचलेना. बोलल्याप्रमाणं माय जमिनीवर हात टेकून उठली. शब्दाची पक्की! मी रडायलाच लागले.

"कुठं चालली?" मोठेबाबांचा आवाज आला.

"अटकलो, भाऊजी."

"अटकली तं अटकली. बस खाली. मांगून घे. पुढं काय झालं, मले आईकाचं हाये."

माय परत खाली बसली, आणि मागून सुरुवात केली. त्या संध्याकाळचा तिचा आवाज अजून माझ्या अंगावर काटा आणतो.

अश्विन पौर्णिमेला विहारात खिरीच्या पातेल्याचा वेलचीवास दरवळत होता, बाहेर शेतांत पहिली बोंडं उमलली होती. एकच पान उरलं, तेव्हा माय थांबली. "भाऊजी, आता मिटू का?" मोठेबाबा रुमालानं डोळे पुसत म्हणाले, "मिट." तिनं ग्रंथ मिटला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि शेवटचं पान तसंच म्हटलं – संथ, ठणठणीत, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. 'साधु, साधु, साधु'चा गजर झाला, आणि मी शेजारच्या पोरीला कोपर मारून सांगितलं, "माही माय हाये!"

त्यानंतर कितीतरी वर्षावास मायनंच वाचले, आणि प्रत्येक वर्षी शेवटचं पान असंच म्हटलं. माय जाऊन आता खूप वर्षं झाली. मोठेबाबाही नाहीत.

मागच्या वर्षी फुलसावंगीला अश्विन पौर्णिमेच्या वाचनाला गेले होते. आमच्या गावची एक पोर तिथं सून म्हणून आलेली. ग्रंथ तीच वाचत होती. शेवटच्या पानाशी तिनं ग्रंथ मिटला, तशा बायका कुजबुजल्या, "अवो, मिटला काहून?"

"शेवटचं पान मिटूनच म्हणतेत," ती जराही न बिचकता म्हणाली. "आमच्या गावात तं पहिलेपासून असंच हाये."

तिला माझी माय ठाऊक नव्हती, तिच्या डोळ्यांचं तर नाहीच नाही. मी मागं बसले होते. हात जोडले आणि ऐकत राहिले.