नमुन्यात निघालेलं घर

आमच्या सरांनी आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या कानाखाली वाजवली होती, ती शेजारच्या घरावरून. एम.एस्सी.चा मुलगा, मिशीवाला, लग्न ठरलेला. पाहणीसाठी निवडलेल्या घराला कुलूप होतं म्हणून त्याने शेजारच्या घरी बसून फॉर्म भरला. सरांना कळलं. भर वर्गात त्यांनी त्याला मारलं, त्याचे सगळे फॉर्म फाडले आणि फळ्याकडे वळून पुढचं सूत्र लिहायला घेतलं.

त्यामुळे आमच्या वर्षी नियम कोणाला समजावून सांगावा लागला नाही. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला नमुना पाहणी करावी लागे. आमचा विषय कामगार कुटुंबांचा इंधनखर्च. सातपूरच्या कारखान्यांमागे पत्र्याच्या चाळी होत्या. तिथल्या घरांना क्रमांक द्यायचे, रँडम अंकांच्या कोष्टकातून काही घरं काढायची आणि जी निघतील तिथेच जायचं. एकदा चौकशी करून रॉकेलचा डबा मापायचा, आठवड्याने परत जाऊन मापायचा. घर बदलायचं नाही. सरांचं म्हणणं असं, की दार उघडणारी घरं आणि न उघडणारी घरं सारखी नसतात; सोयीची घरं घेतलीत तर सोयीची उत्तरं मिळतील. हे सांगताना ते डस्टर टेबलावर असं आपटत, की पहिल्या बाकावरची मुलं डोळे मिटून घेत.

पाहणी जोडीजोडीने करायची; माझा जोडीदार देवळ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा होता. गणितात माझ्याहून हुशार, भांडणाला माझ्याहून भित्रा. दोन वर्षं एका वर्गात असून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करत होतो.

आमच्या नमुन्यातलं एक घर चाळीच्या टोकाला होतं. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा दार बंद होतं आणि आत बाई मार खात होती. पट्ट्याचा आवाज ऐकला की ओळखू येतो, शिकवावा लागत नाही. मधूनच भांडं पत्र्यावर आदळत होतं. बाई ओरडत नव्हती, नुसती कण्हत होती.

शेजारीण दारात तांदूळ निवडत बसली होती. "ओ बाई, तिथं नका जाऊ. त्याचं आत काम चाललंय. आमच्याकडं घ्या ना लिहून." मग आमच्या कागदांकडे बघून म्हणाली, "नसबंदीची भानगड नाय ना?" आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते. हातात कागद घेऊन आलेल्या माणसाला लोक घाबरत.

"रॉकेलची पाहणी आहे," मी म्हटलं.

"चला ना, हिचंच घर घेऊ," जोडीदार पुटपुटला. "सरांना काय स्वप्न पडणार आहे?"

"मागच्या वर्षी पडलं होतं," मी म्हटलं आणि दार वाजवलं.

आवाज थांबला. दार उघडलं. बनियन घातलेला, घामेजलेला माणूस, हातात पट्टा. "काय पाहिजे?"

"घरात आठवड्याला रॉकेल किती लागतं, ते लिहून घ्यायचंय."

 त्याने माझ्या जोडीदाराच्या छातीवर हात ठेवून त्याला पायरीवरून खाली ढकललं. जोडीदाराचा ओठ नळाच्या ओट्यावर फुटला. दार लागलं. आम्ही रक्त पुसून निघेपर्यंत आतून आवाज आला नाही. वळणावर गेल्यावर पुन्हा सुरू झाला.

"लय झालं," जोडीदार म्हणाला. "मी नाय येणार परत. नोंद मिळाली नाही, असं लिहा."

"तीनदा जाऊन मिळाली नाही, तर लिहायचं. अजून दोनदा जायचंय."

दुसऱ्यांदा आम्ही सकाळी गेलो, तो माणूस कामावर असताना. दार तिनेच उघडलं. वय माझ्याएवढंच असेल. एक डोळा बंद झालेला, मानेवर वळ, पुढचे केस उपटल्यासारखे विरळ. अंगाला रॉकेलचा वास येत होता. तिने आम्हांला आत बसवलं, पाणी दिलं आणि प्रश्नांची उत्तरं नीट दिली. माणसं दोन, चूल नाही, स्टोव्ह एक.

"गेल्या आठवड्यात रॉकेल किती लागलं?"

"तीन लिटर आणलं होतं. त्यातलं एक माझ्या अंगावर गेलं. काड्यापेटी सादळली होती म्हणून वाचले." ती माझ्या पेनाकडे बघत होती. "ते कशात लिहिता, ताई?"

जोडीदाराच्या तोंडून गावाकडच्या अहिराणीत काहीतरी निघून गेलं. तिने चटकन त्याच्याकडे पाहिलं. "कोणता गावना शेतस तुम्ही?"

"देवळाकडला."

"मी नामपूरनी. मनी मोठी बहीण देवळाकडेच दिधेल शे."

मग तिने दार अर्धं लोटलं आणि भराभर सांगितलं. दोनदा ती स्टँडपर्यंत पोचली होती. दोन्ही वेळा नवऱ्याबरोबर काम करणाऱ्या चाळीतल्याच पुरुषांनी तिला केसांना धरून परत आणलं. एकदा माहेरी पोचली, तर बापाने स्वतः आणून सोडलं. "आता तो परत काड्यापेटी काढणार. आता नवी आणलीय," ती म्हणाली. "तुमच्यासंगं निघाले तर कोणी हात लावायचं नाय. सरकारी माणसं तुम्ही."

"आम्ही सरकारी नाही. विद्यार्थी आहोत."

"कागद हाय ना हातात?"

मी म्हटलं, आत्ता चल. ती म्हणाली, बहिणीला आधी निरोप पोचायला हवा. न कळवता गेले आणि तिच्या सासरच्यांनी उंबऱ्यावरून हाकललं, तर परत इथेच यावं लागेल आणि मग जिवंत राहणार नाही. तिचं बरोबर होतं. मी तिला सांगितलं, की पुढच्या आठवड्यात याच दिवशी, याच वेळी आम्ही डबा मापायला येणार.

"घर बदलणार नाय ना?"

"आम्हांला बदलता येत नाही."

सरांना मी त्या एका लिटरबद्दल विचारलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ते इंधन नाही. वेगळं लिहा. आणि दुसरं माप वेळेवर घ्या," एवढंच म्हणाले. बाकीचं मी त्यांना सांगितलं नाही.

जोडीदार शनिवारी गावी गेला आणि सोमवारी तिच्या बहिणीचा निरोप घेऊन आला. "ये म्हणाली. आणि तो मागनं आला, तर त्याचं डोकं कांद्याच्या गोणीत घालून वरून शिवीन, असंही म्हणाली." मग म्हणाला, "मी येतो तुमच्याबरोबर. पण मला मारामारी येत नाय, हे सांगून ठेवतो."

"मलाही येत नाही."

ठरल्या दिवशी गेलो तेव्हा तिचा डावा हात मोडलेला होता. फडक्याने गळ्यात बांधला होता, बोटं काळीनिळी पडली होती. मी आधी डबा मापला. त्याला अर्धं मिनिट लागलं आणि तेच आमचं तिथं येण्याचं कारण होतं. मग आम्ही तिघं चाळीतून निघालो. मी पुढे, लाकडी पॅडवर कागद लावून काहीतरी लिहीत असल्यासारखी. ओट्यांवर बसलेल्या पुरुषांनी पाहिलं. कोणी उठलं नाही.

नळापाशी तिचा नवरा समोरून आला. पाळी बदलली होती की कोणी सांगितलं, ते कळलं नाही. त्याने थेट तिचे केस मुठीत धरले आणि मोडका हात पिरगाळला. तेव्हा मात्र ती ओरडली. मी पॅडची कड त्याच्या नाकाच्या हाडावर मारली. पॅडला स्टीलची क्लिप होती. त्याने केस सोडले नाहीत. दुसऱ्या हाताने माझ्या तोंडावर ठोसा दिला. माझा दात तुटून जिभेवर आला. जोडीदाराने मागून त्याच्या गळ्याला मिठी मारली आणि डोळे मिटून लटकून राहिला. तिने उजव्या हाताने नळाखालची भरलेली कळशी उचलली आणि नवऱ्याच्या कपाळावर हाणली. तो गुडघ्यांवर बसला. तिने पुन्हा हाणली. तो आडवा झाला.

आता पुरुष उठले. चौघंपाचजण आमच्याकडे येऊ लागले. तेवढ्यात तांदूळवाली शेजारीण ओरडली, "मेल्यानं सरकारी बाईचं तोंड फोडलं! आता अख्ख्या चाळीवर पोलीस येणार! व्हा मागं!"

माझ्या हनुवटीवरून रक्त पदरावर गळत होतं. ते सगळ्यांना दिसलं. पुरुष थांबले. आम्ही पळालो नाही, चालत गेलो. मोठ्या रस्त्यावर रिक्षा केली. जोडीदार तिच्याबरोबर एस.टी.त बसला. गाडी सुटली. मी तिथून दाताच्या डॉक्टरकडे गेले.

काही दिवसांनी तिचा नवरा कॉलेजात आला; पॅडवर कॉलेजचा शिक्का होता, तो चाळीत कोणीतरी वाचला असणार. कपाळाला पट्टी, हातात लोखंडी गज. शिपायाला ढकलून तो आमच्या वर्गात शिरला.

"ह्यांनी माझी बायको पळवली. पत्ता पाहिजे."

सर फळ्यापाशी होते. त्यांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं, जोडीदाराच्या ओठावरच्या व्रणाकडे पाहिलं. आम्हांला काहीच विचारलं नाही. त्याला म्हणाले, "नमुन्यात निघालेल्या घराची माहिती आम्ही बाहेर देत नाही."

"अरे, माझंच घर हाय ते!"

"तरी नाही."

त्याने गज फिरवला. सरांनी हात आडवा घातला आणि हाड मोडल्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला. सर फळ्याला टेकले, पण खाली बसले नाहीत. तो माझ्याकडे वळला. गजाचं टोक माझ्या गळ्याला लागलं, गार होतं. "तू सांग. कुठाय?"

"सांगणार नाही."

त्याने गज वर उचलला आणि माझ्या जोडीदाराने त्याच्या पोटात बाक सारलं. मग सगळा वर्ग त्याच्यावर पडला. व्हरांड्यात ओढून नेऊन मुलांनी त्याला लाथांनी तुडवलं. तो हलायचा थांबला तरी मारत होते. मी उभी राहून पाहत होते आणि थांबा म्हणाले नाही. म्हणावंसं वाटलं नाही. लोंबणारा हात दुसऱ्या हाताने धरून सर दारात आले, तेव्हा मुलं थांबली. तो जिवंत होता. शिपायांनी त्याला रिक्षात घालून सिव्हिलला नेलं.

पोलिसांत कोणीच गेलं नाही. गेलो असतो, तर ती कुठे आहे हे कागदावर लिहून द्यावं लागलं असतं. सरांनी घरी जिन्यावरून पडलो, असं सांगितलं. मी सायकलवरून.

ती परत आली नाही. पुढे बहिणीबरोबर कांदाचाळीवर कांदे निवडायच्या कामाला लागली, हात वाकडाच जुळला, एवढं जोडीदाराकडून कळलं. वर मी देवळा लिहिलं आहे, पण तो तालुका मोठा आहे. तो माणूस अजून असू शकतो, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही.