आत्याने पडद्यामागून पाहिलेली धाव

दोस्तांनो, आज आत्यानं माझी हुशारी पार उतरवली!

जालन्यात आमच्या फिल्म क्लबसाठी पन्नासच्या दशकातल्या एका बालचित्रपटाची सुरुवात आत्यासोबत बघत होतो. कॅमेरा त्यातल्या छोट्या पोरीच्या उंचीवर, मोठ्यांचे नुसते पाय दिसतात आणि ती डावीकडून उजवीकडे पळते.

"न्हाई रे, उलटी पळाल्ती," आत्या म्हणाली. लहानपणी वाटूरला तंबूत तिनं हाच सिनेमा पाहिलेला.

"विसरलीस तू."

"बिलकुल न्हाई! माणसं समोर बसायची, आम्ही बाया-पोरी पडद्यामागं."

माझी ट्यूब पेटली. पातळ कापडामागून चित्र उलटंच दिसणार!

मंग लॅपटॉपवर चित्राची डावी-उजवी बाजू बदलली.

"हां, आता बराबर!" तिनं टाळीच वाजवली.

तुमच्या घरी पडद्यामागून सिनेमा पाहिलेलं कुणी आहे? शनिवारी क्लबात घेऊन या. आत्या बोलणार आहे, पडद्यासमोर उभी राहून.